रोची उंची टेम्प्लेटमध्ये पक्की करू नका

एक्सेलमध्ये पूर्ण शीट सिलेक्ट करून रोची उंची २० केली, ती फाइल टेम्प्लेट म्हणजे पुढच्या फाइलींसाठी नमुना म्हणून सेव्ह केली आणि आता मजकूर दोन ओळींचा झाला की निम्मा गायब होतो, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय प्लस दाबून घेतलेली नवी शीट पुन्हा जुन्याच मापाची येते. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यानं मला फार छळलंय, म्हणून आधी तेच.

एक्सेलमध्ये रोला हातानं उंची दिली की ती रो स्वतःहून वाढायची थांबते. मग रॅप टेक्स्ट, म्हणजे लांब मजकूर त्याच सेलमध्ये खालच्या ओळीवर नेणारी सोय, चालू असली तरी उपयोग नाही. आम्हाला वरच्या कार्यालयाकडून असंच टेम्प्लेट आलं होतं. सगळ्या रो एका मापाच्या, मजकूर वरच्या कडेला लावलेला आणि शीटला पासवर्ड. एका देयकाच्या शेऱ्यात छापून आलं 'कागदपत्रे तपासली, रक्कम बरोबर'. खालची ओळ होती 'थकबाकी भरेपर्यंत देयक रोखावे'. ती कागदावर आलीच नाही आणि देयक निघालं! कळवलं, तर उत्तर आलं, प्रिंटरची सेटिंग तपासा. पुन्हा कळवलं, पुन्हा तेच. शीट प्रोटेक्ट करताना 'फॉरमॅट रोज'वर टिक केली असती, तरी आम्ही आमच्यापुरती उंची वाढवून घेतली असती. तेवढंही त्यांनी शेवटपर्यंत केलं नाही. लोक ज्यात रोज काम करतात ते टेम्प्लेट कुलूपबंद करून पाठवायचं आणि तक्रार मात्र ऐकायची नाही, याचा मला आजही राग येतो.

म्हणून माझं ठाम मत: कॉलमची रुंदी खुशाल ठरवा, रोची उंची ऑटोफिटवर सोडा, म्हणजे मजकुराप्रमाणे एक्सेललाच ठरवू द्या. रो मोकळ्या दिसायला हव्या असतील तर शेवटच्या रिकाम्या कॉलमला मोठा फॉन्ट द्या. रो त्या मापाची होते आणि मजकूर वाढला की पुढेही वाढते. मर्ज केलेल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलवर मात्र ऑटोफिट चालत नाही, त्यामुळे शेऱ्याचा कॉलम मर्ज न करता सरळ रुंद करा.

रुंदीला हात लावण्याआधी नॉर्मल स्टाइलचा, म्हणजे फाइलचा मूळ फॉन्ट पक्का करा. रुंदीचा आकडा म्हणजे त्या फॉन्टमधले किती शून्य एका ओळीत मावतात ते. कॅलिब्री ११ असताना नेहमीची रुंदी ८.४३ असते, म्हणजे ६४ पिक्सेल. फॉन्ट नंतर बदललात तर सगळी मापं हलतील. मग होम, फॉरमॅट, डिफॉल्ट विड्थ. ज्या कॉलमना तुम्ही वेगळं माप दिलेलं नाही, तेवढेच यानं बदलतात.

नव्या शीटचं कारण वेगळं आहे. नवीन वर्कबुकसाठी (म्हणजे नव्या एक्सेल फाइलसाठी) 'बुक' (Book.xltx) आणि त्यात घातलेल्या नव्या शीटसाठी 'शीट' (Sheet.xltx) अशा दोन टेम्प्लेट फाइल लागतात. दुसरीत एकच शीट ठेवा. दोन्ही एक्सएलस्टार्ट (XLSTART) फोल्डरमध्ये हव्यात. त्याचा पत्ता एक्सेलच्या ऑप्शन्समधल्या ट्रस्ट सेंटरच्या ट्रस्टेड लोकेशन्समध्ये दिसतो. तपासताना कंट्रोल एन वापरा, कारण सुरुवातीच्या पडद्यावरचं 'ब्लँक वर्कबुक' तुमची फाइल उचलत नाही.

हे सगळं विंडोजवरच्या एक्सेलबद्दल आहे. कार्यालयाचा संगणक असेल तर त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे का, ते आधी बघा. आणि जुन्या टेम्प्लेटवर लगेच प्रयोग नको, प्रत काढून त्यात सगळ्या रो ऑटोफिट करून पाहा.