टचपॅडवर दोन बोटांनी क्लिक केल्यावर राइट क्लिक यायला ड्रायव्हरमध्ये काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ओपन सोर्स ओएसमध्ये दोन बोटांनी दाबलं तरी लेफ्ट क्लिकच येतं, आणि "फक्त बोटं मोजून बटण बदलायचं, एवढंच आहे ना?" मलापण असंच वाटलेलं. मी एका छोट्या ओएसच्या ड्रायव्हरमध्ये हे टाकलं तेव्हा बोटं मोजायचा कोड एका बैठकीत झाला, आणि मग कितीतरी संध्याकाळी एकाच भानगडीत गेल्या.

झालं असं की क्लिकपॅडच्या (अख्खा पॅडच दाबता येतो असा टचपॅड) खाली बटण एकच असतं आणि वर किती बोटं आहेत हे त्या बटणाला कळतच नाही. बोटं वेगळी मोजली जातात, बटण वेगळं कळतं, आणि दोन्हीची सांगड घालून लेफ्ट, राइट की मिडल हे सॉफ्टवेअरने ठरवायचं. माझ्याकडे दोन बोटांनी दाबलं की राइट क्लिकचा मेनू मस्त उघडायचा. पण सोडताना कोणी दोन्ही बोटं एकदम उचलत नाही हो, एक आधी सुटतंच. माझा कोड प्रत्येक वेळी नव्याने बोटं मोजायचा, म्हणजे बटण सुटलं तेव्हा पॅडवर बोट एकच, म्हणून मी बिनधास्त "लेफ्ट सुटलं" असं कळवायचो. राइट कधी सुटलंच नाही! मग माऊस येड्यासारखा वागायला लागायचा, आणि हे दर वेळी व्हायचं नाही, म्हणून सापडायलाही वेळ लागला.

इलाज दोन ओळींचा आहे. बटण दाबलं त्या क्षणी काय ठरलं ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि सुटताना तेच बटण सोडा, मधे बोटं कितीही कमीजास्त होऊदेत. याचा अजून एक फायदा म्हणजे एका बोटाने दाबून धरून दुसऱ्या बोटाने ड्रॅग करता येतं, नाहीतर दुसरं बोट टेकलं की लगेच राइट होऊन बसेल.

दुसरी चूक वेळेची. लिनक्सच्या ईव्हीडेव्हसारखी (बोटं, बटणं वगैरे इव्हेंट म्हणून कळवायची पद्धत) रचना असेल तर बटणाचा इव्हेंट आला रे आला की निर्णय घेऊ नका, सिन रिपोर्ट (एका फ्रेमची, म्हणजे एका क्षणाची, माहिती संपली असं सांगणारा इव्हेंट) येईपर्यंत थांबा, कारण एकाच फ्रेममध्ये आधी बटण आणि मग दुसरं बोट असंही येऊ शकतं. आयटूसी या जोडणीवरच्या नवीन प्रिसिजन टचपॅडमध्ये तर एक फ्रेम दोन-तीन रिपोर्टमध्ये तुटून येऊ शकते, एकूण बोटांचा आकडा पहिल्या रिपोर्टमध्ये असतो आणि पुढच्यांत शून्य. ते शून्य खरं धरलंत तर झालाच घोळ. शिवाय हे पॅड सुरुवातीला साधा माऊस म्हणून बोलतात, इनपुट मोड 3 केल्याशिवाय बोटांची माहिती देतच नाहीत.

जुना पीएस टू (जुन्या माऊस-कीबोर्डची जोडणी) वाला सिनॅप्टिक्स कंपनीचा पॅड असेल तर बोटांसाठी डब्ल्यू नावाची किंमत बघायची: 0 म्हणजे दोन बोटं, 1 म्हणजे तीन किंवा जास्त, 4 ते 7 म्हणजे नेहमीचं एक बोट. आणि गंमत म्हणजे त्यांच्या क्लिकपॅडचं ते एकुलतं एक बटण पॅकेटमध्ये मिडल बटण म्हणून येतं! लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये ते मुद्दाम लेफ्ट करून घेतलंय. नावांवर जाऊच नका, लिनक्समध्ये 'बीटीएन टूल डबलटॅप' वाचून मला वाटलं दोनदा टॅप, तर त्याचा अर्थ पॅडवर दोन बोटं आहेत एवढाच. आणि टॅपचा (नुसतं बोट हलकेच टेकवून क्लिक करण्याचा) कोड वेगळा ठेवा, त्यात बटण दाबलंच जात नाही.

मग अंगठा. बरेच लोक अंगठा पॅडच्या खालच्या कडेला टेकवून ठेवतात आणि दुसऱ्या बोटाने क्लिक करतात, त्यांना सारखं राइट क्लिक आलं तर शिव्याच देतील. लिबइनपुट (लिनक्समध्ये टचपॅड, माऊस वगैरे हाताळणारी लायब्ररी) इथे अंतर बघतं, दोन बोटं आडवी 40 मिमी किंवा उभी 30 मिमीपेक्षा लांब असली की त्यांना एकत्र धरत नाही. मिमीतच मोजा, पॅडच्या युनिटमध्ये नको, प्रत्येक पॅडचं रिझोल्यूशन वेगळं. काही जुने पॅड दोन बोटांच्या खऱ्या जागा न देता फक्त त्यांच्याभोवतीचा चौकोन देतात, तिथे अंगठा कोणता ते ओळखायच्या नादी लागू नका, नुसती संख्या घ्या.

कोड कुठे टाकायचा? लिनक्समध्ये कर्नल (ओएसचा गाभा) फक्त कळवतं आणि ठरवतं लिबइनपुट, ओपनबीएसडीमध्ये टचपॅडचं हे सगळं कर्नलमध्येच डब्ल्यूएसटीपॅड नावाच्या भागात आहे. मला स्वतःला पहिलं पटतं, कारण सेटिंग द्यावंच लागतं. कोणाला दोन बोटं हवीत तर कोणाला खालचा उजवा कोपरा दाबून राइट क्लिक हवं, आणि दोन्ही एकदम चालू ठेवलंत तर कोपऱ्यात दोन बोटांनी दाबल्यावर काय यावं यावरच वाद चालू होतील.

सुरू करण्याआधी त्याच लॅपटॉपवर लिनक्स लाइव्ह यूएसबीने चालवून 'लिबइनपुट रेकॉर्ड'ने एक बोट, दोन बोटं आणि मुद्दाम एक बोट आधी उचलून अशी रेकॉर्डिंग घेऊन ठेवा, म्हणजे पॅड खरंच काय पाठवतो ते समोर दिसतं. आणि तुमचा पॅड पीएस टू वर आहे का आयटूसीवर ते बूट लॉगमध्ये बघून इथे सांगा, ते कळल्याशिवाय कुठल्या फाइलला हात लावायचा हे सांगता येणार नाही.