साहेबांच्या गाडीचा खर्च अहवालात कुठं सापडतो?

प्रश्न: मी वाळूज एमआयडीसीत कामाला आहे, एका लिस्टेड कंपनीचे थोडे शेअर्स घेतलेत. वार्षिक अहवालात एमडींच्या पगाराच्या तक्त्यात पर्क्विझिट्स (पगाराबाहेरच्या सोयीसवलती) म्हणून अगदी किरकोळ रक्कम दिसते, पण वार्षिक सभेच्या नोटीसमध्ये तर गाडी, ड्रायव्हर, क्लबची फी सगळं लिहिलंय. मग हा खर्च जातो कुठं? जरा इस्कटून सांगा.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: दादा, शंका एकदम रास्त आहे. तक्त्यातला आकडा खोटा असेलच असं नाही, पण बऱ्याच कंपन्या तिथं आयकराच्या नियमाने काढलेली किंमत टाकतात, खरा खर्च नाही. आता गाडीचंच बघा, 1.6 लिटरच्या वरचं इंजिन, कंपनीच्या कामाला पण आणि घरच्यांना पण, खर्च सगळा कंपनीचा, तर कित्येक वर्षं आयकरात महिन्याला 2400 रुपये धरायचे आणि ड्रायव्हरचे 900, म्हणजे वर्षाचे झाले 39,600. एवढ्यात तर नुसता ड्रायव्हरचा पगार भागत नाही! बाकी डिझेल, इन्शुरन्स, घसारा हे सगळं कंपनीच्या एकूण खर्चात मिसळून जातं आणि तुमच्यामाझ्यासारख्याला वेगळं दिसतच नाही. कायदा पाळला जातो आणि माहिती मात्र मिळत नाही, मला खरा राग याचाच येतो, कारण पैसा शेवटी शेअरहोल्डरचाच आहे ना.

मग शोधायचं कुठं, तर आधी नोटीसच्या मागे जोडलेलं स्पष्टीकरण वाचा, काय काय सवलती मंजूर करायच्यात ते तिथं असतं, मग कॉर्पोरेट गव्हर्नन्स रिपोर्ट, सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) 2015 च्या नियमांप्रमाणे पगार, बोनस, स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) असे सगळे भाग तिथं द्यावे लागतात. आणि हिशोबाच्या टिपांमध्ये रिलेटेड पार्टीची, म्हणजे कंपनीशी नातं असलेल्यांसोबतच्या व्यवहारांची टीप अजिबात सोडू नका, प्रमोटरच्याच घरच्यांचा बंगला कंपनीने भाड्याने घेतला असेल तर तो इथं सापडतो. संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या (सगळे पगार क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येणाऱ्याच्या) किती पट हे पण लिस्टेड कंपनीला सांगावंच लागतं, कंपनी कायदा 2013, कलम 197. सगळ्यात जास्त पगाराच्या दहा जणांची यादी बहुतेक वेळा अहवालासोबत येत नाही, कंपनी सेक्रेटरीला लेखी मागा, शेअर एक असला तरी हक्क आहे.

अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे माजी प्रमुख जॅक वेल्च यांना निवृत्तीनंतर कंपनीकडून काय काय मिळतंय, विमान, मॅनहॅटनमधलं अपार्टमेंट, हे लोकांना कळलं 2002 साली, ते पण त्यांच्या घटस्फोटाच्या कागदपत्रांतून! 2004 मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने कंपनीवर कारवाई केली आणि 2006 मध्ये तिथं नियम कडक झाले. आपल्याकडे मताचा उपयोग होतो हे 2021 ला आयशर मोटर्समध्ये दिसलं, एमडी सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा आणि पगाराचा विशेष ठराव 75 टक्के मतं न मिळाल्याने पडला, मग पगाराची मर्यादा कमी करून पुन्हा ठराव आणावा लागला. म्हणून ई-व्होटिंगचा (ठरावांवर ऑनलाइन मत द्यायचा) मेल आला की डिलीट करू नका.

प्रश्न: आमच्या सहकारी साखर कारखान्याला हे लागू आहे का? चेअरमनच्या गाड्यांचा खर्च सभेत कुणी विचारतच नाही.
— एक ऊस उत्पादक सभासद, लातूर जिल्हा

उत्तर: नाही काका, सहकारी कारखान्याला सेबी आणि कंपनी कायदा लागत नाही, तिथं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960. त्यातल्या कलम 32 खाली ताळेबंद, नफातोटा पत्रक, संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त हे तुम्हाला ऑफिसच्या वेळेत फुकट बघता येतं. गाडीचा ठराव झाला असेल तर इतिवृत्तात सापडेल. अर्ज वार्षिक सभेच्या आधीच द्या, पोच घ्या, आणि सभेत प्रश्न विचारला की तो उत्तरासकट इतिवृत्तात घ्यायला लावा, दोन-चार सभासद मिळून गेलात तर आणखी बरं.