अँटेना अॅरेच्या (अनेक अँटेनांचा एकत्र मांडलेला संच) सिम्युलेशनला नवीन असाल तर आधी एवढं करा

अरे पहिल्याच दिवशी १६ × १६ चा पूर्ण अॅरे रन करायला लावू नकोस, रात्रभर मशीन चालेल, मेमरी संपेल आणि सकाळी हातात काहीच नसेल, सगळेच हे करतात.

आधी एकच एलिमेंट (म्हणजे अॅरेतला एक अँटेना) घे, तो नीट ट्यून कर. मेश (सॉफ्टवेअर मॉडेलचे जे छोटे तुकडे पाडतं ते) थोडा बारीक करून परत रन कर, रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला नीट चालतो ती) सरकला तर आधीचा आकडा धरायचा नाही. मग त्याच एलिमेंटला पिरियॉडिक बाउंड्री लाव म्हणजे सॉफ्टवेअर त्याला अनंत अॅरेतला एक समजतं, शेजाऱ्यांचं कपलिंगही (एलिमेंटचा एकमेकांवरचा परिणाम) येतं आणि काम मिनिटांत होतं. बीम (अॅरेचा मुख्य झोत) फिरवून मॅचिंग कुठे बिघडतं, म्हणजे पॉवर परत कुठे फिरते, ते इथेच बघ, खरी मजा इथेच आहे! फक्त कडेचे एलिमेंट यात दिसत नाहीत, त्यासाठी पूर्ण मॉडेल शेवटी एकदाच.

नेहमीच्या चुका:
- रेडिएशन बाउंड्री (मॉडेलची बाहेरची हद्द, जिथून लहरी बाहेर जातात असं धरतात) अँटेनाला चिकटवणं, निदान पाव वेव्हलेंग्थ सोड
- दोन एलिमेंटमधलं अंतर एक वेव्हलेंग्थ ठेवणं, ग्रेटिंग लोब (नको त्या दिशेला मुख्य झोताएवढेच झोत) येतात. ६० अंशांपर्यंत स्कॅन (बीम फिरवणं) हवा तर ०.५३ वेव्हलेंग्थच्या वर जाऊ नकोस

सिमेट्री असेल तर वापर, मॉडेल निम्मं होतं. एक्सायटेशन टेपरिंग (कडेच्या एलिमेंटना कमी पॉवर देणं) वगैरे सध्या राहू दे. पहिला पॅटर्न (कुठल्या दिशेला किती रेडिएशन जातं त्याचा आलेख) आला की टाक इथे, बघू.