आमच्यामागे तिचं काय?

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

‘आमच्यामागे तिचं काय?’ हा प्रश्न तू लेकीच्या सहाव्या वर्षीच विचारलास, हे फार चांगलं केलंस. पुष्कळ आईबाप तो साठी उलटल्यावर विचारतात, आणि तोवर मूल पस्तिशीला आलेलं असतं. तुझ्या लेकीसारखी डाउन सिंड्रोम (जन्मजात, बुद्धीची वाढ मंद ठेवणारी अवस्था) असलेली माणसं पूर्वी फार जगत नसत. आता हृदयाची शस्त्रक्रिया आणि औषधोपचार वेळेवर झाले तर साठीपर्यंतचं आयुष्य धरून चालायला हरकत नाही. म्हणजे तुमच्या पश्चात तिची बरीच वर्षं असणार, हे गृहीत धरूनच आखणी करायची.

घाबरलेला माणूस हा प्रश्न एका फटक्यात सोडवू बघतो. एक फ्लॅट तिच्या नावावर, एक मोठी एफडी, आणि वर ‘दादा आहेच की’. हे उपाय पुढे कुठे अडतात ते सांगतोच, पण त्याआधी एक काम करा. तू आणि तिची आई, दोघांनी वेगवेगळं बसून तिच्या तिसाव्या वर्षातला एक साधा मंगळवार लिहून काढा. सकाळी तिला कोण उठवतं? आंघोळ स्वतः करते का? दहा ते चार कुठे असते? जेवायला सोबत कोण असतं, भांडण झालं तर ती कुणाकडे जाते, रात्री घरात दुसरं कोण झोपतं? मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. बहुधा एकाच्या कागदावर ती कार्यशाळेत पाकिटं चिकटवत असेल आणि दुसऱ्याच्या कागदावर घरात सुरक्षित बसलेली असेल. हा फरक आत्ताच बोलून मिटवा, कारण पैसा, कागद, माणसं सगळं या मंगळवारावरून ठरतं.

तिला काय काय येतं, यावर बाकीचा खर्च आणि भार ठरतो. म्हणून पैशाआधी शिकवण्याचं बोलतो. टी-शर्ट घालायला शिकवताना आपण पहिल्या पायरीपासून सुरू करतो, मूल अडखळतं, शाळेला उशीर होतो आणि शेवटी आपणच घालून देतो. त्यापेक्षा उलट्या बाजूनं चला. डोकं, दोन्ही हात सगळं तू घाल, फक्त पोटावरून खाली ओढायचं काम तिचं. ते पाच-सहा दिवस न सांगता जमलं की दुसरा हातही तिनं घालायचा, मग पहिला, सगळ्यात शेवटी डोकं. दर वेळी काम तिच्या हातून पूर्ण होतं, म्हणून ती कंटाळत नाही. आंघोळ, ताट धुणं, अंथरूण घालणं, सगळं याच रीतीनं. एका वेळी दोनच कामं घ्या, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीनं शिकवा. आजीनं मायेनं मध्येच हात लावला की शिकलेलं मागे जातं, हे आजीला नीट समजावून सांगायला हवं.

दुसरी सवय परक्या घरी झोपण्याची. आठव्या-नवव्या वर्षापासून वर्षातून दोनदा मावशीकडे किंवा आत्याकडे एक रात्र, मग दोन, मग तुमच्याशिवाय शिबिरात तीन. ज्या मुलीनं पंचविशीपर्यंत आईशिवाय एकही रात्र काढलेली नाही, तिच्यावर आई अचानक दवाखान्यात गेली की एका दिवसात दोन संकटं येतात.

आता पैसा. फक्त तिच्यासाठी महिन्याला आज काय लागतं ते मांड : शाळा, थेरपी, औषधं, रिक्षा, सोबतीची बाई. समज 20 हजार. महागाई सहा टक्के धरली तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो. ती 30 ची होईल तेव्हा तोच खर्च 80 हजार, 42 ची होईल तेव्हा 1 लाख 60 हजार. आकडा बघून छातीत धस्स होतं, पण तो पूर्ण रोख जमवायचा नाही. तिची थोडी कमाई, तुमच्या घरातला निवारा, आणि पेन्शन त्यातून वजा होते. सरकारी नोकरीत असलेल्या पालकामागे कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला हयातभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं, मात्र तिचं नाव आणि दाखला आईबाप हयात असतानाच कार्यालयात नोंदवून ठेवलेला बरा. खासगी नोकरीतल्या ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेतही पूर्णतः व कायमस्वरूपी अक्षम अपत्याला वयाची अट नसलेली पेन्शन आहे.

मधल्या काळात तुला काही झालं तर त्यासाठी टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तर रक्कम देणारा विमा) घे. प्रस्ताव भरतानाच तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायचा, म्हणजे तुझ्या कर्जदात्यांना त्या रकमेवर हात टाकता येत नाही. पॉलिसी निघाल्यावर ही सोय जोडता येत नाही, आणि विमा एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही. विश्वस्ताचं, म्हणजे तिच्यासाठी पैसा सांभाळणाऱ्याचं, नाव तिथेच लिही.

विश्वस्त का, ते सांगतो. तिच्या नावावर थेट एफडी केलीस तर ती अठरा वर्षांची होताच तुझा पालक म्हणून सहीचा अधिकार संपतो. तिला स्वतःला व्यवहार कळत नसेल तर खातं अडकतं. शिवाय उत्पन्नाची मर्यादा असलेल्या सरकारी योजनांतून ती बाहेर पडू शकते. भावाला नॉमिनी करून भागेल असं वाटतं, पण नॉमिनी सहसा रक्कम स्वीकारणारा असतो, मालकी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं ठरते. आणि सगळं भावाच्या नावावर केलंस तर त्याचं कर्ज, त्याचा घटस्फोट, त्याचा मृत्यू, या सगळ्यांत तिचा पैसा सापडतो. त्यापेक्षा 1882 च्या भारतीय न्यास कायद्याखाली खासगी ट्रस्ट कर. आज थोड्या रकमेवर सुरू कर, मोठी रक्कम मृत्युपत्रानं त्यात येऊ दे. विश्वस्त तीन असावेत आणि त्यातला निदान एक तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पैसे सांभाळणारा आणि तिचा रोज सांभाळ करणारा हे दोघे शक्यतो वेगळे ठेव, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहतं. वाटपाचं कलम कसं लिहिलंय त्यावर आयकराचा दर बदलतो, तेवढ्यासाठी सीएला आधी विचार. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकांकडे करून टाक.

अठराव्या वर्षीचं दुसरं काम म्हणजे कायदेशीर पालकत्व. ‘मी तिचा बापच आहे’ हे कायद्याला तेव्हा पुरत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 मध्ये स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता येतात; आपली लेक बौद्धिक अक्षमतेत मोडते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा, कोर्टात जायची गरज नसते. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. हा हिशेब अनेक जण विसरतात. तुमच्यानंतरचा पालक कोण असावा, हे त्या माणसाला विचारून, त्याची संमती घेऊन मृत्युपत्रात लिहा.

मुलाविषयी जरा स्पष्ट बोलतो. तो आज नऊ वर्षांचा आहे. ‘तुला हिला सांभाळायचंय’ हे वाक्य त्याच्या कानावर पडू देऊ नका. तो विशीत आला की त्याला सगळे कागद दाखवा आणि विचारा की यातलं किती तो आनंदानं करेल. कदाचित तो महिन्यातून एकदा हिशेब बघेन म्हणेल. तेवढंही पुष्कळ आहे. तिच्यासाठी तुम्ही भविष्याची स्वप्नं बघता तशी त्याचीही स्वतःची आहेत.

निवासी संस्था आत्तापासून बघून ठेवा, ठरवू नका. डोंबिवलीजवळ खोणीचं अमेय पालक संघटनेचं घरकुल हे निवासी काम, आणि नाशिकची रजनी लिमये यांनी 1977 मध्ये सुरू केलेली प्रबोधिनी विद्यामंदिर ही अशा मुलांची शाळा, ही दोन्ही कामं पाहून या. संस्था बघताना दुपारी तीनला जा. सकाळी सगळीकडे नीटनेटकं असतं. दुपारी मुलं काय करतात आणि कर्मचारी त्यांच्याशी कोणत्या आवाजात बोलतात, ते बघा.

शेवटी एक वही. तिची औषधं, थायरॉइडची दरवर्षीची तपासणी, ती ‘पोटात’ म्हणाली की नेमकं काय दुखतं, कुकरच्या शिट्टीला ती घाबरते का, चिडली की कशानं शांत होते. चाळिशीनंतर तिला विस्मरणाचा धोका इतरांपेक्षा खूप लवकर असतो, म्हणून तिला आज काय येतं याची नोंद दरवर्षी तिच्या वाढदिवशी तारखेसह कर. पुढे बदल झाला तर डॉक्टर हीच वही मागतील.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्याची मुदत कधी संपते ते आज रात्रीच बघ. लहान वयात दिलेला दाखला बऱ्याचदा मुदतीचा असतो, आणि नूतनीकरण राहिलं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यापासून करसवलतीपर्यंत सगळं अडून बसतं. तारीख मला कळव, पुढचं त्यावरून ठरवू.

तुझा,
काका