चाचा कोणाला म्हणायचे?

देवगडच्या एका वाचकाने विचारले आहे : "विजयदुर्ग बघायला येणारे पाहुणे इंग्रजी पुस्तकांत आंग्र्यांना 'पायरेट' म्हटलेले वाचून येतात. मराठीत पायरेट म्हणजे चाचा. मग कान्होजी आंग्रे चाचे होते का? आणि आपली ती स्वारी, दुसऱ्याची ती धाड, हा नुसता शब्दांचा खेळ नाही का?"

चाचा (जुन्या छपाईत अनुस्वारासह चांचा) म्हणजे समुद्रावर गलबते लुटणारा, ज्याच्या पाठीशी कुठलेही राज्य नाही असा. सगळी गोम या 'पाठीशी राज्य नाही' मध्ये आहे. कारण गलबत अडवून माल उतरवून घेण्याचे काम पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून करतच होते. त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना जवळ नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. त्यांच्या दप्तरी ही चाचेगिरी नव्हे, बंदोबस्त होता. कान्होजींनी तेच केले, फक्त कागदाला नाव 'दस्तक'. मुंबईकर इंग्रज म्हणत, आमच्या निशाणाला दस्तक लागत नाही. कान्होजी म्हणत, या किनाऱ्यावर लागते, आणि तुमच्या निशाणाआडून दुसऱ्या व्यापाऱ्यांचा माल जातो त्याला तर लागतेच. भांडण लुटीचे नव्हतेच, कागद कोणाचा चालणार याचे होते. ज्याचा कागद मानायचा नाही, तो चाचा.

कान्होजींच्या पाठीशी राज्य होते, हे तर उघडच आहे. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांकडे आले आणि त्यांची सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कायम झाली. (सरखेल मधला 'खेल' म्हणजे अरबी 'खैल', घोडदळ. घोड्यांवरचा हुद्दा आपण गलबतांवर चढवला, ही गंमत मला फार आवडते.) १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आमच्या अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्या इंग्रजी आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज मुळात निघाला होता मादागास्करकडच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला. वाटेत त्याला इथेही चाचेच दिसले, यात नवल ते काय!

१७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो आपसांत कसा वाटायचा हे त्यांनी मुंबईहून निघण्याआधीच ठरवून ठेवले होते. या वाटणीला इंग्रजीत 'प्राइझ' म्हणतात. मराठीत त्याला लूट सोडून दुसरा शब्द मला तरी सापडत नाही. नावेही त्यांची वेगळी : विजयदुर्ग त्यांच्या कागदांत 'घेरिया', आणि पुढे १७६५ साली सिंधुदुर्ग घेतला तेव्हा त्याचा 'फोर्ट ऑगस्टस' केला.

आता आपल्या घरचे. स्वारी हा मानाचा शब्द. "स्वारी कुठे निघाली?" असे घरधन्याला विचारायची आपल्याकडे रीत होती, आणि राजा निघाला की तीही स्वारीच. धाड मात्र नेहमी दुसऱ्याची. "काय धाड भरलीय त्याला?" यात प्रेम शोधून सापडायचे नाही. 'गनीम'ची गोष्ट याहून मजेची. मूळ अरबी अर्थ लूट मिळवणारा. मोगलांच्या फारसी कागदांत गनीम म्हणजे मराठे, मराठी कागदांत गनीम म्हणजे समोरचा शत्रू, मग तो कोणीही असो. तरी आपल्याच लढण्याच्या पद्धतीला आपण छाती फुगवून 'गनिमी कावा' म्हणतो. शत्रूच्या चष्म्यातून स्वतःकडे पाहणारा असा शब्द मराठीत दुसरा आठवत नाही.

बांद्याच्या पलीकडे, गोव्यात, हेच अगदी अलीकडे घडले. १९ डिसेंबर आपल्याला मुक्तिदिन. लिस्बनला ते १९६१ चे आक्रमण, कारण १९५१ मध्येच त्यांनी कायद्यात 'वसाहत' खोडून 'सागरापारचा प्रांत' लिहून ठेवले होते. गोवा प्रांत म्हटला की तिथे येणारे सैन्य आक्रमक ठरते, वसाहत म्हटला की तेच सैन्य मुक्तिदाते. म्हणून हा खेळ असला तरी नुसता नाही. शब्द आधी बदलतात, तोफा मागून येतात.

तेव्हा पाहुण्यांना सांगताना कान्होजींना बेलाशक सरखेल म्हणा, आणि 'चाचे' हा शब्द इंग्रजांचे म्हणणे सांगतानाच, अवतरणचिन्हांत वापरा. पंचाईत आहे ती कान्होजींचे पुत्र तुळाजी यांची, १७५६ साली विजयदुर्ग ज्यांच्याकडे होता त्यांची. १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांच्या जोडीला खुद्द नानासाहेब पेशव्यांचे सैन्य होते, आणि तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. पेशव्यांच्या लेखी ते चाचे नव्हते, हुकूम न मानणारे पुंड होते. 'पुंड' म्हटले की मी पुण्याच्या बाजूने बोलतो, 'सरखेल' म्हटले की विजयदुर्गाच्या. मी आपला नुसते 'तुळाजी आंग्रे' लिहितो.