नाताश: उपटणं, पण कशासाठी?

नाताश हे बायबलच्या जुन्या करारातलं हिब्रू क्रियापद. आधी त्याची मूळ हिब्रू अक्षरं बघ: नून, ताव, शिन. तावच्या जागी टेट हे अक्षर असेल तर अर्थ ‘सोडून देणं’ होतो. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हिब्रू लिपीतच वाच.

नाताश म्हणजे मुळासकट उपटणं, आणि ते बहुतेकदा झाडांबद्दल नाही, माणसांना भूमीतून उखडण्याबद्दल येतं. पण नुसतं ‘नाश’ असं पाठ करू नकोस. यिर्मया या पुस्तकातलं १२:१४ (अध्याय १२, वचन १४) सावकाश वाच. शेजारी राष्ट्रांना त्यांच्या भूमीतून उपटणं आणि यहूदाच्या घराण्याला त्यांच्यामधून उपटून काढणं, दोन्हींना हेच क्रियापद! एकीकडे शिक्षा, दुसरीकडे सुटका. मला हे वचन फार मोलाचं वाटतं.

यिर्मया १:१० मध्ये शेवटी ‘नाता’, म्हणजे लावणं, येतं. नाताश आणि नाता ही जोडी वहीत शेजारीशेजारी लिही. मग आमोस ९:१५ घे. तिथे नाताशचं निफाल रूप, म्हणजे कर्मणी रूप (‘उपटलं जाणं’), भेटेल.