शटडाऊन अडवणारं बिननावाचं अ‍ॅप: माझा अनुभव

शटडाऊन दाबलं की पडदा येतो, एक अ‍ॅप बंद होऊ देत नाही म्हणतो, पण अ‍ॅपचं नावच नसतं आणि शेवटी तुम्ही पॉवर बटण दाबून धरता. तुमची ही तक्रार इथे वाचली आणि माझाच जुना त्रास आठवला. माझं विंडोज १० होतं, पण ११ वरही प्रकार हाच.

व्हायरस स्कॅन, अपडेट हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

आधी काय करू नये ते सांगते. कुणीतरी हमखास सुचवेल की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) 'ऑटोएंडटास्क्स' या सेटिंगला १ करा, सगळं आपोआप बंद होईल. होतं खरं. मीही केलं आणि दोन आठवडे खुशीत होते. शटडाऊनच्या वेळी विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रामला आवरायला सांगतं आणि ५ सेकंदांत तो हलला नाही तर तुम्हाला तो पडदा दाखवतं. १ केल्यावर पडदा न दाखवताच प्रोग्राम मारला जातो. त्यात 'सेव्ह करू का?' विचारत थांबलेला प्रोग्रामही आला! माझी सवय अशी, की शटडाऊन दाबायचं आणि सेव्हचं विचारलं की हो म्हणायचं. एका रात्री कुणी विचारलंच नाही. दिवसभर टिपलेल्या नोंदी गेल्या, आणि मूळ दुखणं होतं तिथेच, फक्त दिसायचं बंद झालं होतं.

मग सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. तिथे न बघताच फॉरमॅट मारला आणि "तुमची सगळी सॉफ्टवेअर्स परत टाकून दिलीत" असं वर कौतुकानं सांगितलं. घरी आणलं, संध्याकाळी तोच पडदा. दुसऱ्या खेपेला म्हणे मदरबोर्ड बदलावा लागेल. अहो, पडदा स्वतः सांगतोय की अ‍ॅप अडलंय, त्यात मदरबोर्ड कुठून आला? पैसे दोन्ही वेळा घेतले ते वेगळंच.

शेवटी चोर सापडला तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत. अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स आणि आत ऑपरेशनल. तिथे २०० नंबरची नोंद म्हणजे शटडाऊनला किती वेळ लागला, २०१ म्हणजे कुठल्या अ‍ॅपने उशीर केला, २०३ म्हणजे कुठल्या सर्व्हिसने (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम). माझ्या २०१ मध्ये फाइलचं नाव निघालं प्रिंटरची शाई किती उरली ते बघणाऱ्या प्रोग्रामचं. तो प्रिंटर मी केव्हाच देऊन टाकला होता! त्याचा सेटअप माझ्या जुन्या फोल्डरमध्ये पडून होता, आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी इमानदारीत तोही परत टाकला होता. त्याची खिडकी लपलेली, तिला शीर्षक नाही, म्हणून पडद्यावर नाव नाही.

नुसतं अनइन्स्टॉल करून भागलं नाही. टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेली कामं आपोआप सुरू करणारं विंडोजचं साधन) त्याचा एक टास्क शिल्लक होता, तो हाताने काढला. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे फुकट साधन असे उरलेले तुकडे छान दाखवतं, पण त्यातलं जे ओळखीचं नाही ते डिलीट करू नका, फक्त टिक काढा आणि दोन दिवस बघा.

लॉगमध्ये दरवेळी नोंद पडतेच असं नाही. नसेल तर एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजसोबत काय काय सुरू व्हावं ते ठरवणारं साधन) मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून उरलेल्यांपैकी निम्म्या बंद करा, त्रास गेला का बघा, मग निम्म्यातल्या निम्म्या. कंटाळवाणं आहे, पण सापडतं. प्रत्येक बदलानंतर एकदा रिस्टार्ट द्या. फास्ट स्टार्टअप (मशिन लवकर सुरू व्हावं म्हणून असलेली विंडोजची सोय) चालू असेल तर साध्या शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि ड्रायव्हर नव्यानं सुरूच होत नाहीत. आपल्याला वाटतं काढलेली गोष्ट गेली, आणि ती तिथेच असते.

मी काही या धंद्यातली नाही, माझ्या मशिनवर जे चाललं ते सांगितलं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर सर्व्हिसेसना हात लावण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा, नाहीतर तुमच्यावरच शेकेल. आणि ऑटोएंडटास्क्स आधीच १ केलं असेल तर आज रात्रीच परत ० करा. २०१ किंवा २०३ ची नोंद मिळाली तर फाइलचं नाव पूर्ण पाथसकट (ती कुठल्या फोल्डरात आहे त्यासह) इथे टाका, नुसता पडद्याचा फोटो नको.